थारवाले

पुण्यात शांत चालणाऱ्या गाडीवर समाधान मानणारे लोक पुष्कळ आहेत. थारवाले त्यांतले नव्हेत. गाडी गप्प असली की त्यांना संशय येतो आणि कुठेतरी कुरकुरली की चेहरा खुलतो. सोसायटीच्या गेटातून आत शिरताना ते काच खाली घेतात, मान डावीकडे कलती करतात आणि वॉचमनने ठोकलेला सलाम तसाच हवेत राहतो. वॉचमन म्हणतो, साहेबांना माज आलाय. साहेब मागच्या डाव्या चाकाचं बेअरिंग ऐकत असतात.

असा एक तरी इसम हल्ली प्रत्येक सोसायटीत सापडतो. वय पंचेचाळीसच्या अलीकडे-पलीकडे. नोकरी आयटीत नाहीतर बँकेत, म्हणजे दिवसभर राबूनही हाताला काळं लागत नाही अशी. गाडी जुनी थार, २०१० साली बाजारात आलेल्या घडणीची: पुढे टॉर्शन बार, मागे पाटे. कंपनीने दिलेली उंची तिला फार दिवस लाभत नाही. पुढचा टॉर्शन बार पिळला जातो, मागच्या पाट्यांना लांब शॅकल लागतात, खाली मड टायर येतात आणि गाडी दोन इंच वर जाते. कशासाठी, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं: ग्राउंड क्लिअरन्स. कोथरूड ते हिंजवडी या वाटेवर ओढे-नाले ओलांडावे लागत नाहीत. जुलैत लागतात, एवढं मात्र मान्य केलं पाहिजे.

गाडी वर गेली की आठवड्याभरात पहिला आवाज येतो. मागून दुसरा. आणि इथून थारवाल्यांचं खरं आयुष्य सुरू होतं.

आवाज कसला आहे हे शोधायची त्यांची पद्धत पक्की आहे, आणि ती बरोबरही आहे, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या बिल्डिंगमधल्या थारवाल्यांना कुणी नुसतं ‘गाडी वाजतेय’ म्हटलेलं चालत नाही. उलटतपासणी होते. आवाज इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर वाढतो की गाडीच्या वेगाबरोबर? न्यूट्रलला सोडून बघितलं का? गाडी न्यूट्रलला धावत असतानाही घुंऽऽ तसाच राहिला तर इंजिन निर्दोष सुटलं, मागे चला. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर ओरडते की सोडल्यावर? दाबल्या-सोडल्याने सूर बदलला तर मागच्या अ‍ॅक्सलच्या हाऊसिंगमधल्या क्राऊन-पिनियनवर संशय. उजवीकडे वळताना वाढून डावीकडे वळताना थांबला तर डाव्या चाकाचं बेअरिंग, कारण वळणावर भार बाहेरच्या चाकावर जातो. रिव्हर्समधून पहिल्यात टाकताना ‘खट्’ झालं तर क्रॉस, म्हणजे प्रोपेलर शाफ्टचा सांधा. आणि यांपैकी कशानेही फरक पडला नाही, पण काँक्रीटवरून ताज्या डांबरावर आल्याबरोबर आवाज खाली बसला, तर टायर.

ही सवय मग गाडीपुरती राहत नाही. त्यांच्या मेव्हणीने गुडघ्यातून कटकट येते असं सहज म्हटलं, तर यांनी ताट बाजूला सारून विचारलं, “जिना चढताना, की उतरताना?”

या साऱ्या विद्येत एकच शब्द निषिद्ध आहे: लिफ्ट. लाडक्या थोरल्या मुलाचं नाव जसं घरातल्या कुठल्याच भांडणात येऊ देत नाहीत, तसं त्या दोन इंचांचं नाव निदानात येत नाही. कंपनीच्या ग्रीसला दोष देता येतो, महापालिकेच्या खड्ड्यांना देता येतो, मागच्या मालकाला तर मुक्तहस्ते देता येतो. शॅकलला नाही. यात थोडा कायद्याचाही धाक असावा. गाडीच्या मूळ घडणीत फेरफार करू नये असं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही ते ठणकावून सांगितलं. तेव्हापासून खाकी वर्दी दिसली की थारवाले सीटवर थोडे खाली घसरून बसतात. माणूस खाली गेला की गाडीची उंची कमी दिसते, अशी त्यांची काही समजूत आहे.

त्यांचं अज्ञान म्हणावं, तर तेही नाही. सोसायटीच्या कोजागिरीला दुधाचा कप हातात धरून त्यांनी मला क्रॉसचा इतिहास ऐकवला आहे. सोळाव्या शतकातला इटलीचा कार्डानो, सतराव्या शतकातला इंग्लंडचा रॉबर्ट हुक, दोघांची नावं त्या सांध्याला कशी चिकटली, सगळं. मग त्यांनी दोन चमचे मागवले. दांडा सरळ असेल तर काही प्रश्न नाही. पण क्रॉसपाशी तो कोनात वळला की गंमत होते: गिअरबॉक्सकडचं टोक एका चालीने फिरत असतं आणि पलीकडचं टोक एका फेऱ्यात दोनदा पुढे पळतं, दोनदा मागे रेंगाळतं. म्हणून प्रोपेलर शाफ्टला दोन क्रॉस. पहिल्याने केलेला घोळ दुसरा निस्तरतो. मात्र दोन्हीकडचे कोन सारखे हवेत. मागचे शॅकल लांब केले तर पाट्याचं मागचं टोक चॅसीपासून खाली जातं, हाऊसिंगचं नाक वर उचललं जातं, दोन कोन एकमेकांशी जुळत नाहीत आणि सत्तरच्या वेगाला आरसा थरथरू लागतो.

“म्हणजे तुमच्या गाडीत जे होतं तेच,” मी म्हणालो.

ते थांबले. चमचे कपात ठेवले. “नाही हो,” ते म्हणाले, “आपल्याकडे बॅलन्सिंगचा प्रॉब्लेम आहे.”

घरात हे निदान कधीच झालेलं आहे. वहिनी कॉलेजात इतिहास शिकवतात आणि पुराव्याला पुरावा म्हणतात. थारवाल्यांनी त्यांना श्रोत्याच्या जागी नेमलं आहे. पगार नाही, रजा नाही. कात्रजच्या नव्या बोगद्यात गाडी शिरली की एसी बंद, गाणी बंद, डावी काच खाली. बोगद्याची भिंत आवाज परत फेकते, त्यामुळे गाडीखाली काय चाललंय ते खिडकीत ऐकू येतं. ही युक्ती खरी आहे, लांबलचक कठड्याशेजारीही चालते. वहिनींनी पदर नाकाला लावून मान बाहेर काढायची आणि पुढचं सांगायचं की मागचं. शेजारून ट्रक गेला की पुन्हा पहिल्यापासून. एकदा बोगद्याच्या पलीकडच्या तोंडाशी त्या शांतपणे म्हणाल्या, “अहो, तुम्ही गाडी उंच केल्यापासूनच येतोय हा.” खेड शिवापूरचा टोलनाका येईपर्यंत गाडीत दुसरा कसलाही आवाज नव्हता.

थारवाल्यांना खरा मान मिळतो तो गॅरेजात. सिंहगड रस्त्याच्या मागच्या गल्लीतल्या त्या गॅरेजात ते शनिवारी सकाळी हजर असतात. अंगात जुना टी-शर्ट, सोबत नाना पेठेतून स्वतः पारखून आणलेला क्रॉस. उस्ताद त्यांना ‘शेठ’ म्हणतात आणि बोलू देतात. बोलून झालं की गाडीखाली सरकतात. चाकांना उटी लावलेली, गाडी न्यूट्रलला. उस्ताद प्रोपेलर शाफ्ट दोन्ही हातांनी धरून उलटसुलट पिळतात. खट्. पुन्हा पिळतात. खट्. एवढ्यात निकाल लागलेला असतो, पण शेठचं समाधान व्हावं म्हणून ते लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक हाऊसिंगला टेकवून मूठ कानाच्या हाडाशी धरतात आणि मदतनिसाला मागचं चाक जॅकवर उचलून फिरवायला सांगतात. मग क्रॉस उतरवतात. मी एकदा तो जवळून पाहिला. कपाच्या कडेला तांबडी भुकटी होती. आतल्या बारीक सुयांचं ग्रीस केव्हाच संपलेलं, निम्म्या गंजून मोडलेल्या, आणि जिथे सुया बसतात त्या चकचकीत खुंटावर, नखाला लागतील असे खाचांचे उभे ओरखडे. थारवाल्यांनी तो क्रॉस फडक्यावर ठेवला आणि चार बाजूंनी फोटो काढले. दिवाळीत मुलांचे काढतात त्याहून जास्त.

“शेठ, एक पाचर घालून नाक खाली घेऊ या का?” उस्तादांनी हळूच विचारलं. “न्हाईतर नवा क्रॉस पण खाईल.”

“आधी बॅलन्सिंग करून बघू,” शेठ म्हणाले. उस्तादांनी माझ्याकडे बघितलं आणि चहा सांगितला.

त्यांच्या बिरादरीतल्या एकाने मागच्या वर्षी हुंकाराच्या आवाजासाठी अख्खं हाऊसिंग खोलवून बेअरिंगं बदलली. हुंकार जिथल्या तिथे. टायर बदलल्यावर गेला. नवशिके याहून भारी. फोर बाय फोर लावून कोरड्या डांबरावर वळण घेतात, गाडी अडखळते, चाकं कुरकुरतात, आणि यांना वाटतं ट्रान्स्फर केस गेली. या घडणीच्या गाडीत पुढच्या-मागच्या शाफ्टांच्या मध्ये डिफरन्शियलच नाही. वळणावर पुढची चाकं जास्त अंतर कापतात आणि मागची त्यांना तसं करू देत नाहीत. चिखलात चाक घसरून हिशेब मिटतो, डांबरावर मिटत नाही. थारवाले हे नवशिक्याला फार प्रेमाने समजावतात. दुसऱ्याच्या गाडीबद्दल त्यांचं निदान सहसा चुकत नाही.

२०२० च्या ऑक्टोबरात नवी थार आली तेव्हा मुलाने आग्रह केला, ही विकू. थारवाले ती चालवून आले. कशी आहे, म्हणून विचारलं. मागे पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग, बसायला मऊ, सगळं कबूल केलं. “पण आत काही ऐकूच येत नाही हो,” ते म्हणाले. “काय बिघडलंय ते कळणार कसं?”

गेल्या पावसाळ्यात त्यांच्या मंडळींबरोबर ताम्हिणीला गेलो होतो. मुळशीच्या पुढे एका अरुंद वळणावर थारवाल्यांची गाडी पूर्ण वळताना ‘खर्र’ वाजली आणि ताफा थांबला. बायका-मुलं दुसऱ्या गाड्यांतून धबधब्याकडे रवाना झाली. पुरुष गाडीखाली शिरले. ओल्या रस्त्यावर चिखलाने भरलेल्या बुटांची रांग बाहेर आली आणि आतून मतं येऊ लागली. एक म्हणाला, टॉर्शन बार जास्त पिळलाय, सीव्ही जॉइंटचा कोन गेलाय. त्याला दोघांनी लगेच गप्प केलं. दुसरा म्हणाला, जॉइंटचा रबरी बूट फाटून ग्रीस उडालं असणार. बूट चाचपला. शाबूत होता.

तेवढ्यात मागून दुधाच्या कॅनांनी भरलेली पिकअप आली. रस्ता अडलेला. चालक उतरला, दोन मिनिटं ऐकत उभा राहिला, मग पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूला वाकून त्याने प्लास्टिकच्या अस्तरावर बोट फिरवलं. बोट काळं झालं.

“हितं घासतंय ओ टायर,” तो म्हणाला. “लै मोठं घातलंय. गाडी बाजूला घ्या, दूध नासंल.”

कुणी काही बोललं नाही. गाडी बाजूला झाली. पिकअप शेजारून पुढे गेली आणि थारवाल्यांची मान डावीकडे कलली.

“अहो भाऊ!” ते ओरडले. “तुमचा मागचा क्रॉस वाजतोय!”

“वाजू द्या की! चालतीय ना?”

गाडी वळणाआड गेली. थारवाल्यांनी घाईघाईने स्टार्टर मारला. मी शेजारी बसलो होतो, उतरायला वेळ मिळाला नाही. धबधबा उजवीकडे राहिला. वहिनींचा फोन वाजत होता, पण फोन घ्यायचा नव्हता, कारण ऐकू येत नाही. दोन्ही काचा खाली, पाऊस आत, आणि आम्ही दुधाच्या गाडीला चिकटून थेट संकलन केंद्राच्या दारात पोहोचलो. चालक कॅन उतरवायला लागला, तर हे चिखलात गुडघे टेकून त्याच्या गाडीखाली. बाहेर आले तेव्हा कपाळाला ग्रीस होतं.

“क्रॉस नाही,” ते मला म्हणाले. “सेंटर बेअरिंग.”