‘कम्प्लीट किट’ विकणाऱ्या दुकानदारास



शिकागोच्या उपनगरातल्या तुमच्या दुकानात दारातच काचेच्या टाक्यांची उतरंड लागलेली असते. वर जाळीचं झाकण, झाकणावर ठेवायचा दिवा, आत पसरायला लाकडाचा कोरडा भुसा, काचेला चिकटवायची, आर्द्रता दाखवणारी काट्याची तबकडी. खोक्यावर बॉल पायथनचं चित्र आणि ‘यात सर्व काही आहे’ असं ठसठशीत छापलेलं. सगळं आहे, ओल तेवढी नाही. आणि कात टाकणाऱ्या या जिवाचं ओलीवाचून चालत नाही.

बॉल पायथन मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. घाना, टोगो, बेनिन इथून तो जगभर गेला. दिवसा तो उंदरांच्या बिळात नाहीतर ओसाड वारुळात पडून असतो. वर ऊन रखरखत असलं तरी वारुळाच्या पोटात हवा दमट असते, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. पेटीत त्याला साधारण ६० ते ८० टक्के आर्द्रता लागते. तुम्ही त्याला वारुळाच्या नावाखाली भट्टी विकता. टोगोतल्या कुठल्या वारुळाला जाळीचं छप्पर असतं आणि वर कोण दिवा टांगून जातं, ते एकदा सांगाच.

तुमच्या गावचा जानेवारी तुम्हाला ठाऊक नाही, असं तर नाही ना? बाहेर उणे १० अंश असतात. त्या हवेत बाष्प मुळात नावालाच. तीच हवा घरात येऊन २१ अंशांपर्यंत तापली की तिची सापेक्ष आर्द्रता १० टक्क्यांच्या आसपास घसरते. स्वयंपाक, आंघोळी, घरातल्यांचे श्वास यांनी ती कशीबशी २५-३० वर येते. माणसांचे ओठ फुटतात ते त्यामुळेच. आता ही हवा तुमच्या दिव्याखाली ३२ अंशांवर जाते आणि होती तीही आर्द्रता निम्म्यावर येते. तापलेली हवा वर चढते, जाळीतून निघून जाते, तिच्या जागी खोलीतली कोरडी हवा शिरते. दिवा चालू आहे तोवर हे थांबत नाही. गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं की तुम्ही त्याला फवाऱ्याची बाटली विकता. फवारा मारला की काच भिजते, काटा वर उडतो आणि थोड्याच वेळात परत खाली येतो.

त्या काट्याबद्दलही बोलू. झाकणबंद डब्यात टोपणभर ओलसर मीठ ठेवलं की काही तासांत आतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते. तुमची तबकडी त्या डब्यात ठेवून बघा. माझ्या ओळखीच्या मराठी कुटुंबाने तुमच्याकडून घेतलेली तबकडी तिथे भलताच आकडा दाखवत होती. त्यांचा मुलगा त्याच आकड्यावर विश्वासून होता.

या मुलाच्या सापाची कात तुकड्यातुकड्यांनी निघाली. निरोगी सापाची कात नाकापासून शेपटीपर्यंत अखंड, उलटी होऊन निघते. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर पारदर्शक खवला असतो आणि कातीबरोबर तोही निघायला हवा. इथे दोन्ही डोळ्यांवर जुना खवला तसाच राहिला. शेपटीच्या टोकाला वाळल्या कातडीचं कडं आवळलं होतं. असं कडं राहिलं तर रक्त पोहोचत नाही आणि टोक झडतं. डोळ्यावरचा खवला चिमट्याने ओढला तर खालचा डोळाच जाऊ शकतो, म्हणून त्यांना पशुवैद्य गाठावा लागला. आणि तुमच्या काउंटरवरच्या माणसाने त्या पोराला काय ऐकवलं? ‘तू नीट काळजी घेतली नाहीस.’ तुम्हीच दिलेला माहितीचा कागद वाचून, तुमचीच टाकी वापरणाऱ्या मुलाला! मला सगळ्यात जास्त चीड याची आली.

उपाय अवघड नाही. पुढून उघडणारी, मोजकी भोकं असलेली पीव्हीसीची पेटी. दिव्याला थर्मोस्टॅट. तळाला नारळाच्या सोडणाच्या तुकड्यांचा चांगला जाड थर, कोपऱ्यांतून पाणी ओतून खालून ओला ठेवलेला आणि वरून कोरडा. ओलं शेवाळ भरलेली एक लपायची जागा. तारेच्या टोकाला संवेदक असलेला डिजिटल मापक. जाळीवर प्लास्टिक गुंडाळा, असा सल्लाही तुम्ही देता; तो आधी बंद करा. कोंदट, चिकचिकीत ओलीत पोटाचे खवले कुजतात आणि श्वसनाचा संसर्ग होतो. ओल हवी तशी खेळती हवाही हवी.

नीट ठेवलेला बॉल पायथन २० ते ३० वर्षं जगतो. तुमच्या किटमध्ये त्याला पहिला हिवाळाही सुखाने काढता येत नाही. ती खोकी शेल्फवरून उतरवा, निदान त्यांच्यावरचं सापाचं चित्र तरी पुसा.

आणि हे पत्र वाचणाऱ्या तिकडच्या मराठी आईवडिलांनो, मूल साप मागत असेल तर आधी नुसती पेटी आणा. आठवडाभर ती रिकामीच चालवा. आर्द्रता रात्रंदिवस ६० च्या वर टिकते हे मापकावर पाहा, मगच साप घरी आणा.