टर्बोचा भार कोणी वाहायचा?

टर्बोचार्जर एंजिनाच्या धुरावर चालतो. जो वायू एरवी सायलेन्सरमधून बाहेर पडून मागच्या दुचाकीस्वाराच्या शिव्या खातो, त्याच्याकडून जाता जाता एक चक्र फिरवून घ्यायचं आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने ताजी हवा सिलिंडरात कोंबायची, एवढीच कल्पना. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूची याने १९०५ साली तिचं पेटंट घेतलं. बाजारातल्या मोटारीत ती उतरायला १९६२ उजाडलं. अशा मोटारींत टर्बोचा भार कशावर टेकवायचा, हे कारखान्यातल्या मंडळींनी आधीच ठरवलेलं असतं. हौशी माणूस मात्र आधी टर्बो घेतो, मग बॉनेट उघडून जागा शोधतो.

टोयोटा सुप्राचं टू-जे-झेड एंजिन या हौसेचं आवडतं माहेर. तीन लिटर, एका रांगेत सहा सिलिंडर, ओतीव लोखंडी ब्लॉक. त्यावरचे मूळचे दोन बेताचे टर्बो काढून एकच अगडबंब टर्बो लावण्याची प्रथा आहे. तो सहज पंधरा-वीस किलोंचा भरतो आणि मॅनिफोल्डच्या, म्हणजे सिलिंडरांतला धूर गोळा करणाऱ्या पाइपांच्या जुडग्याच्या टोकावर, ब्लॉकपासून वीतभर लांब लटकतो. गाडी उभी असताना हे निभावतं. चाक खड्ड्यात आदळलं, की तेच वजन क्षणभर दुप्पट-तिप्पट होऊन पाइपच्या मुळाशी येतं.

त्यात उष्णता. पेट्रोल एंजिनाचा जळका वायू पूर्ण जोरात ९०० अंश सेल्सिअसच्या वर जातो. तेव्हा पाइप लालबुंद होतो, बघणारे फोटो काढतात आणि पोलादाची ताकद मात्र निम्म्याहूनही खाली आलेली असते. शिवाय ते वाढतं. अर्धा मीटर स्टेनलेस पाइप ८०० अंशांनी तापला, तर सुमारे सात मिलिमीटर लांबतो आणि निवल्यावर आखडतो. हा खेळ रोज चालला, की वेल्डिंगच्या कडेला केसाएवढी चीर पडते आणि गाडी फुसफुसू लागते. पातळ पाइपांचे नागमोडी मॅनिफोल्ड दिसायला देखणे. पण जड टर्बोखाली टिकतात ते जाड भिंतीच्या साध्या पोलादी पाइपांचे किंवा ओतीव लोखंडाचे कुरूप. प्रदर्शनात बक्षीस कोणाला मिळतं, हे सांगायला नको.

चीर पडली, की आधाराची आठवण होते. पहिला आधार बहुधा सहा मिलिमीटरच्या पट्टीचा, दोन्ही टोकांना घट्ट जखडलेला असतो. मॅनिफोल्डला लांबायचं असतं, थंड पट्टी हलू देत नाही, मग दोघांपैकी जे महाग असेल ते तडकतं. टर्बोला जावयासारखं वागवावं लागतं: भार सगळा उचलायचा, पण हालचालीवर बंधन घालायचं नाही. म्हणून जाणता फॅब्रिकेटर दोन्ही टोकांना रॉड एंड, म्हणजे फिरते सांधे असलेली दांडी वापरतो. ती खालून वजन पेलते आणि टर्बो सरकला, की सांध्यात फिरते.

दुसरा मोह दांडी गाडीच्या चॅसिसला बांधण्याचा. एंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं आणि रेस दिली, की डुलतं. चॅसिस डुलत नाही. तेव्हा आधार एंजिनाच्या ब्लॉकवरच्या रिकाम्या बोल्टभोकांतूनच निघायला हवा. वरचं टोक टर्बाइनच्या, म्हणजे धुराने फिरणाऱ्या चक्राच्या बाजूच्या फ्लॅंजला. हवा दाबणाऱ्या बाजूचं अॅल्युमिनियमचं कवच हे टांगायचं खुंटाळं नव्हे. टर्बोतून धूर पुढे नेणाऱ्या डाउनपाइपचं वजन टर्बोच्या गळ्यात घालू नये. त्याला स्वतःचा हँगर आणि मध्ये लवचीक बेलोज द्यावा. बोल्ट थंड एंजिनावर नुसत्या बोटांनी आत गेले पाहिजेत. पहारीने ओढून भोकं जुळवावी लागली, तर तो ताण सुरुवातीपासूनच मॅनिफोल्डमध्ये भरला जातो.

सगळं जमल्यावर एक छोटी गोष्ट हमखास राहते, ती म्हणजे तेलाची परतवाट. टर्बोच्या बेअरिंगमधलं तेल पंपाच्या दाबाने येतं, पण परत जातं ते फक्त उतारावरून. जागेसाठी टर्बो फार कलंडवला, किंवा नळी अरुंद आणि वाकडी घेतली, की तेल सीलमधून झिरपतं आणि मागून निळा धूर निघतो. मग चौकातले तज्ज्ञ एकमुखाने सांगतात, रिंगा गेल्या.

शेवटचं काम नटांचं. एंजिन काही वेळा तापून निवलं, की स्टड किंचित ताणतात आणि नट सैलावतात. म्हणून लॉकनट वापरतात, पहिल्या काही फेऱ्यांनंतर थंड एंजिनावर ते पुन्हा आवळतात आणि नटापासून फ्लॅंजपर्यंत उष्णतेत टिकणाऱ्या रंगाची एक रेघ ओढतात. ती जागची हललेली दिसली, की पाना काढायचा.