आदी मान्यवर

परस्परांच्या श्रमावर ज्यांची उपजीविका चालते आणि तरीही परस्परांचे अस्तित्व हीच आपल्या व्यवसायावरील एकमेव आपत्ती होय अशी ज्यांची दृढ श्रद्धा असते, असे दोन पंथ प्रत्येक वृत्तपत्रात नांदत असतात. एक बातमीदारांचा आणि दुसरा उपसंपादकांचा. १९५५ च्या श्रमिक पत्रकार कायद्याने संपादकापासून मुद्रितशोधकापर्यंत सर्वांना एकाच व्याख्येच्या पंगतीला बसवले खरे, परंतु पंगतीत बसलेल्यांनी एकमेकांच्या पानात हात घालू नये, एवढे एक कलम त्यात घालावयाचे राहून गेले. नांदेड किंवा लातूर येथील कोणत्याही दैनिकाच्या जिल्हा कार्यालयात सायंकाळी सातच्या सुमारास जाऊन उभे राहिले असता या उणिवेचे परिणाम स्पष्टपणे ऐकू येतात.

प्रथम फिर्यादीची जबानी घेऊ. किनवट, देगलूर, जळकोट किंवा निलंगा येथील तालुका वार्ताहर हा एकाच देहात बातमीदार, विक्रेता, जाहिरात प्रतिनिधी आणि वसुली कारकून असतो. एसटीच्या वाहकाच्या हाती पाकीट सोपवून बातमी रवाना करण्याचा काळ मागे पडला आणि आता ती मोबाइलवरून क्षणार्धात पोहोचते. फरक इतकाच, की पाकीट गहाळ झाल्याची जी सबब पूर्वी उपसंपादकास उपलब्ध होती, ती आता उरलेली नाही. अशा वार्ताहराने सत्काराच्या बातमीत त्रेचाळीस नावे मानाच्या उतरत्या क्रमाने, कोणाचाही रोष ओढवणार नाही अशा मुत्सद्देगिरीने रचून धाडावीत आणि उपसंपादकाने त्यांतील पहिली तीन ठेवून उरलेल्या चाळीस प्रतिष्ठितांना ‘आदी मान्यवर’ या सार्वजनिक धर्मशाळेत लोटून द्यावे, हे नित्याचेच आहे. ज्याचे नाव गेले तो गृहस्थ उपसंपादकाकडे दाद मागावयास जात नाही, कारण उपसंपादक नामक प्राणी कोठे वास करतो हे त्यास ठाऊक नसते, तो दुसऱ्या दिवशी बसस्थानकासमोरच्या हॉटेलात वार्ताहरास गाठतो आणि चारचौघांत विचारतो, “काहून हो, आमी काय आदी हाव का?” हा गृहस्थ बहुधा गुत्तेदार असतो आणि वाढदिवसाची पाव पान जाहिरात त्याने नुकतीच तोंडी कबूल केलेली असते.

आता प्रतिवादीची कैफियत. पानावर जागा नसली म्हणजे बातमी शेपटाकडून कापावी, हा उपसंपादकाच्या शास्त्रातील सनातन संकेत होय; आणि मान्यवर अगोदर, घटना मागाहून, हा वार्ताहराच्या शास्त्रातील तितकाच सनातन संकेत होय. या दोन शास्त्रांचा संयोग झाला, की भूमिपूजनाच्या बातमीत कुदळ मारणाऱ्यापासून सूत्रसंचालकापर्यंत सर्वजण सुखरूप छापले जातात आणि त्याच रस्त्यावरील जुना पूल समारंभ चालू असतानाच खचला, हे शेवटच्या वाक्यात आलेले वृत्त तेवढे केराच्या टोपलीत जाते. याशिवाय ठाण्यातील फिर्यादीतून सहीसही उतरवलेला ‘अज्ञात इसम’ आणि प्रत्येक मृत्यूनंतर परिसरात व्यक्त होणारी हळहळ, यांच्याशी उपसंपादकास रोजचा सामना करावा लागतो. तो हळहळ काटतो; मृताचे आप्त वार्ताहराला विचारतात, आमच्या माणसासाठी गावाला काहीच वाटले नाही काय?

उपसंपादकाच्या विद्वत्तेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा आणि १९७२ चे चार, असे शुद्धलेखनाचे अठराही नियम त्यास मुखोद्गत असतात. मात्र तो पुण्याकडून आलेला असला, तर आमच्या भागात शेतातल्या निवाऱ्याला आखाडा म्हणतात ही गोष्ट त्या अठरांत कोठेही सापडत नाही. आणि मग रात्री आखाड्यावर जागलीला गेलेल्या शेतकऱ्याचा सर्पदंशाने अंत झाल्याच्या वृत्तावर ‘कुस्तीप्रेमींत हळहळ’ असा मथळा चढतो. जन्मभर दुसऱ्यांची हळहळ काटणाऱ्याने स्वहस्ते घातलेली ती बहुधा पहिलीच.

वास्तविक ज्या मुलखासाठी १९३८ साली आ. कृ. वाघमारे यांनी ‘मराठवाडा’ काढला आणि निजामी अंमलाने बंदी घातली की नवे नाव धारण करून तेच पत्र पुन्हा वाचकांच्या हाती ठेवले, त्या मुलखातील लेखणीला कात्रीचे भय वाटू नये. निजामाची ती कात्री निदान मजकूर वाचून चालत असे.

कारण असाही एक मजकूर असतो, की ज्याच्या दर्शनाने कात्री आपोआप म्यान होते. ऑक्टोबर २००९ च्या विधानसभा निवडणुकीत नांदेड जिल्ह्यातील भोकर मतदारसंघातून तत्कालीन मुख्यमंत्री अशोकराव चव्हाण उभे असताना ‘अशोकपर्वा’चे गुणगान करणारी पानेच्या पाने प्रसिद्ध झाली आणि एकच स्तुतिलेख परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या तीन मराठी दैनिकांत शब्दशः अवतरला, हे पी. साईनाथ यांनी त्याच वर्षी नोव्हेंबरात ‘द हिंदू’मधून उघड केले. उमेदवाराने दाखल केलेल्या हिशेबात वृत्तपत्रीय जाहिरातींचा खर्च ५,३७९ रुपये होता. पैसे देऊन मजकूर छापून आणल्याचा त्यांनी इन्कार केला; पुढे २०१४ च्या जुलैत निवडणूक आयोगाने हिशेबाबद्दल नोटीस काढली आणि सप्टेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने ती रद्द केली. न्यायासनापुढील मामला असा निकालात निघाला असल्याने त्यात आम्ही पडत नाही. आमचे कुतूहल केवळ धंद्यापुरते आहे. एरवी एका गावच्या सरपंचाचे नाव लांबले म्हणून ज्यांचा जीव कासावीस होतो, अशा तीन स्वतंत्र कार्यालयांतील तीन स्वतंत्र उपसंपादकांपैकी एकासही त्या लेखातील एखादे विशेषण, निदान एखादा स्वल्पविराम, अधिक झाल्यासारखा वाटू नये काय?

असल्या स्तुतीने भरलेल्या पुरवण्यांविषयी एका वयोवृद्ध उपसंपादकास आम्ही छेडले असता, तो प्रांत आमच्या इलाख्यात येत नाही, एवढे सांगून त्यांनी समोरच्या बातमीतील ‘संपन्न’ हा शब्द मोठ्या त्वेषाने खोडला. शेजारी बसलेल्या तालुका वार्ताहराने मात्र आमचे बोलणे लक्षपूर्वक ऐकले होते. “साहेब,” तो खुर्ची पुढे सरकवून म्हणाला, “मग आपली ती त्रेचाळीस नावं पुरवणीच्या दरानं बसतील का, तेवढं विचारून ठेवा. गुत्तेदार तयार हाय.”