बाजारात बदकं

लेकीकडे अमेरिकेला गेलं की पहिले आठ दिवस कौतुकाचे, पुढचे आठ झोपेचे आणि उरलेले सगळे शेजाऱ्यांचे. लेक-जावई कामाला जातात, नातू शाळेत जातो, ही फोनवर पुण्याशी बोलत बसते. मग मिनेसोटातल्या त्या निःशब्द गल्लीत मी एकटाच येरझाऱ्या घालतो आणि कुणाच्या गॅरेजचं दार उघडं दिसलं की कृतज्ञतेने थांबतो.

शेजारच्या गॅरेजचं दार ऑगस्टपासून उघडंच होतं. आत एक निवृत्त गृहस्थ प्लॅस्टिकच्या बदकांना अंघोळ घालत होते. एक, दोन नव्हे, चार डझन. प्रत्येकाच्या पोटाला दोरी, दोरीच्या टोकाला वजन. माझ्या नातवाने त्यांचं नाव फार पूर्वीच ठेवलंय, बदककाका. ऑक्टोबरात शेजारच्या नॉर्थ डकोटा राज्यात तीन दिवस बदकांच्या शिकारीला जायचं, याची ती तयारी होती. सहल तीन दिवसांची, तयारी अडीच महिन्यांची. आमच्याकडे मुंजीलाही एवढा वेळ लागत नाही.

"तुमच्या मिनेसोटात दहा हजार तळी आहेत, गाड्यांच्या नंबरप्लेटवर तसं छापलेलंही असतं. मग परराज्यात कशाला?" मी विचारलं. बोलून गेलो आणि जीभ चावली. घरच्या देव्हाऱ्यात विठोबा असताना पंढरपूरला कशाला, असं वारकऱ्याला विचारण्यापैकीच हे होतं. पण काकांनी शांतपणे गाडीच्या बॉनेटवर नकाशा पसरला. हिमयुग सरताना बर्फ मागे हटला आणि जमिनीत अडकलेली त्याची ढेकळं वितळून या माळरानावर लाखो खळगे पडले. वसंतात त्यांत पाणी साचतं आणि उत्तर अमेरिकेतली निम्मी तरी बदकं त्यांच्या काठावर अंड्यातून बाहेर येतात. थंडी पडली की तीच दक्षिणेची वाट धरतात. थोडक्यात, हे बदकांचं माहेर. लेक सासरी निघाली की तिला माहेरच्या दारातच गाठायचं, असा काकांचा बेत. लेकीच्या घरी पाहुणा असलेल्या माणसाला तो ऐकून जरा कसंसंच झालं. पण वही बघून मी विरघळलो.

त्यांची वही म्हणजे एका सज्जन माणसाचं पंचांग होतं. परराज्यातल्या शिकाऱ्याला हंगामात चौदाच दिवस, तेही सलग किंवा सात-सात असे दोन तुकड्यांत. दिवसाला सहा बदकं. त्यांत मॅलर्ड जातीची पाचपर्यंत, आणि त्या पाचांत माद्या दोनच. बंदुकीत एका वेळी तीनच काडतुसं मावतील अशी आत खुंटी हवी. छर्रे शिशाचे नकोत, कारण पाण्यात पडलेलं शिसं खाऊन पक्षी मरतात. १९९१ पासून देशभर त्याला बंदी आहे. दाणे टाकून बोलवायचं नाही, रेकॉर्ड केलेले आवाज वाजवायचे नाहीत. मारलेलं बदक घरी आणताना त्याचं डोकं किंवा एक पंख अंगावर ठेवायचा, म्हणजे वाटेत अडवलं तर जात सांगता येते. हे शेवटचं ऐकून मी दचकलो. मेल्यावरही जात सुटत नाही ती आपल्याकडेच, असा माझा समज होता.

एका नियमावर मात्र मी बेहद्द खूश झालो. नॉर्थ डकोटात एखाद्या शेतावर मालकाने 'प्रवेश बंद' अशी पाटी लावली नसेल, किंवा तशी सरकारदरबारी नोंद केली नसेल, तर शिकाऱ्याला पायी आत जाता येतं. हा कायदा पुण्यात आणला तर? शिकारी स्वारगेटला उतरेल आणि संध्याकाळपर्यंत पाट्या वाचत वाचत तसाच परत जाईल. आमच्याकडे पाटी नसलेली भिंत सापडणं बदक सापडण्यापेक्षा अवघड.

आणि मग तो स्टॅम्प. पोस्टाच्या तिकिटासारखा दिसणारा, बदकाचं सुरेख चित्र असलेला, पंचवीस डॉलरचा. सोळा वर्षांवरच्या प्रत्येक शिकाऱ्याने तो घ्यायचा आणि त्यावर शाईने आडवी सही करायची. काकांची सही करायची पद्धत बघण्यासारखी. चष्मा पुसला, हात पुसले, दुसऱ्या कागदावर पेन चालवून बघितलं आणि श्वास रोखून बदकाच्या पोटावरून नाव काढलं. आमच्या वडिलांनी घराच्या खरेदीखतावरही इतक्या जपून सही केली नसेल. ही पद्धत १९३४ सालची. तेव्हा किंमत एक डॉलर होती आणि पहिलं चित्र काढलं होतं जे. एन. 'डिंग' डार्लिंग या व्यंगचित्रकाराने. वर्तमानपत्रांतून सरकारच्या टोप्या उडवणाऱ्या या माणसालाच सरकारने वन्यजीव खात्याचा प्रमुख करून टाकलं होतं. स्टॅम्पच्या प्रत्येक डॉलरमधले अठ्ठ्याण्णव सेंट पाणथळ जागा राखण्यासाठी जातात. चित्रासाठी दरवर्षी स्पर्धा होते आणि मिनेसोटातले हाउटमन आडनावाचे तीन सख्खे भाऊ ती पुन्हा पुन्हा जिंकत आले आहेत, हे सांगताना काकांचा ऊर असा भरून आला की जणू चौथे तेच.

मारायचं आहे त्याचंच घर राखायला पैसे भरायचे, हा हिशेब मला पचेना. मग भरतपूर आठवलं. केवलादेवच्या पाणथळीत फिरताना तिथली दगडी पाटी मी वाचली होती. राजेरजवाड्यांच्या आणि लाटसाहेबांच्या शिकारींचे आकडे तीवर कोरलेले आहेत. १२ नोव्हेंबर १९३८ ला व्हाइसरॉय लिनलिथगो आले होते, त्या एका दिवसात ४,२७३ पक्षी पडले. त्या पाटीपुढे उभं राहून मी आकडा दोनदा वाचला होता, शून्य जास्त लागलंय की काय म्हणून. तर शून्यच नव्हतं. त्यांच्या वहीत मोजदाद होती, काकांच्या वहीत मर्यादा होती. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने बंदूकच खाली ठेवायला लावली. आमच्या पिढीची शिकार म्हणजे पहाटे भिगवणला जाऊन, उजनीच्या पाण्यात होडीत बसून, दुर्बिणीतून 'तो बघा चक्रवाक' म्हणायचं आणि तो दिसेपर्यंत थापट्या बदकं बघत राहायचं. त्याचीही तयारी होतीच. पण आमच्या यादीत पहिल्या क्रमांकावर डबा असे आणि दुर्बीण कुणीतरी घरी विसरत असे.

सप्टेंबरअखेर काकांनी मागच्या हिरवळीवर रंगीत तालीम घेतली. बदक उतरतं ते वाऱ्याकडे तोंड करून. म्हणून वारा आपल्या पाठीशी घ्यायचा, नकली बदकं समोर मांडायची आणि मध्ये मोकळी जागा सोडायची, म्हणजे खरं बदक तिथे उतरेल. मी म्हटलं, "ही तर पंगत झाली. ओळखीची माणसं जेवताना दिसली आणि मधला पाट रिकामा दिसला की कुणीही बसतो." काकांना पंगत समजावून सांगण्यात अर्धा तास गेला, पण मग त्यांनी मला मांडणीला लावलं. नातू लाकडी शिट्टीतून बदकाचा आवाज काढायला शिकला. मीही फुंकून बघितली. तिच्यातून आमच्या वाड्यातल्या हातपंपाचा आवाज निघाला.

तोवर काकूंनी डीप फ्रीझरचा एक कप्पा रिकामा करून ठेवला होता. बाजारात तुरी म्हणतात ती हीच. बदकं अजून कॅनडात असतील-नसतील आणि इकडे त्यांची खोली झाडून तयार. आमच्याकडे हिने तिखटमिठाच्या पुऱ्या, दाण्याची चटणी आणि चिवडा बांधला, कारण मीही निघालो होतो. बंदुकीला हात न लावणारा, नुसता बघ्या म्हणून. काकांनी वहीत माझ्या नावापुढे लिहिलं, 'चिवडा – कुरकुरीत. नऊच्या आत उघडायचा नाही.' छातीपर्यंतची रबरी विजार खुंटीवरून निघताच त्यांची काळी लॅब्राडोर कुत्री जी थरथरू लागली, ती नॉर्थ डकोटा येईपर्यंत. प्रवासाचा खरा आनंद गाडीत तिला एकटीलाच होत होता. आम्ही दोघं काहीतरी विसरलोय या शंकेत होतो.

आणि ती पहाट. गुडघाभर पाणी, लव्हाळ्यांचा आडोसा, बोटं बधिर. सूर्योदय ७ वाजून ४६ मिनिटांनी. बंदूक चालवायची ती त्याआधी अर्धा तास, म्हणजे ७ वाजून १६ मिनिटांनंतर. त्याआधी एक मिनिटही नाही. काकांनी मनगटावरच्या घड्याळाला तसा गजर लावून ठेवला होता. अंधार नुकता विरळ होत होता आणि डोक्यावरून कापड फाडल्यासारखा आवाज गेला. दहा-बारा मॅलर्ड गिरकी घेऊन, पंख ताणून, पाय पुढे करून आमच्या पंगतीच्या रिकाम्या पाटावर अलगद उतरले. घड्याळात सात-पाच.

अकरा मिनिटं आम्ही हललो नाही. कुत्री हलली नाही. समोर वीस पावलांवर खरी बदकं खोट्या बदकांशी बोलत होती, पाठ धुवत होती, शेपटाकडची कुरळी पिसं नीट करत होती. एकाच्या गळ्याखालून पाण्याचा थेंब ओघळून पांढऱ्या कड्यावर थांबला, तोही दिसला. मी काकांकडे बघितलं. त्यांचं बोट बंदुकीवर नव्हतं, तोंड अर्धवट उघडं होतं. अडीच महिन्यांच्या वहीत या अकरा मिनिटांसाठी ओळच नव्हती.

सात-सोळाला गजर झाला. चांगला खणखणीत. बदकं एकदम उठली आणि आम्ही माना वर करेपर्यंत धुक्यात गेली.

काका एक अक्षर बोलले नाहीत. त्यांनी घड्याळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि हसू दाबताना त्यांचे खांदे इतके हलले की भोवतीची लव्हाळी सळसळली. त्या तीन दिवसांत दोन बदकं मिळाली. एक मी हातात धरलं, अजून ऊबदार होतं, डोक्यावरचा हिरवा रंग वळवला की जांभळा होत होता. मी ते लगेच परत दिलं. चिवड्याचा डबा त्या दिवशी नऊ वाजले तरी उघडला नाही.

परतताना गाडीत काकांनी माझ्या मांडीवरची वही मागितली, पेट्रोलपंपावर थांबून पुढच्या वर्षाचं कोरं पान काढलं आणि पहिली ओळ लिहिली. मी चष्मा लावून वाचली: 'गजर नको. लवकर पोचणे.'