कंपनीचं नाही, कंपनीचंच आहे

आमच्या सोसायटीचा वॉचमन माझी गाडी दिसायच्या आधीच गेट उघडून उभा राहायचा. हा माणूस आपल्याला मानतो, असं मी चार महिने धरून चाललो होतो. दिवाळीला त्याला इतरांपेक्षा पन्नास रुपये जास्तही दिले. मग एकदा त्यानेच खुलासा केला. "साहेब, तुमची गाडी वाण्याच्या कोपऱ्यावर वळली की ऐकायला येते. कुत्रीपण उठतात."

ऐकायला मलाही येत होतं. ब्रेकवर पाय ठेवला की पुढच्या डाव्या चाकातून 'कींऽऽ' असा सूर लागायचा. फळ्यावर खडू चुकीच्या कोनात ओढल्यावर वर्गातल्या पहिल्या बाकाच्या अंगावर जो काटा येतो, तो इथे पादचाऱ्यांच्या अंगावर यायचा. मी उपाय केला नव्हता असं नाही. मी रेडिओचा आवाज वाढवला होता.

माझा मेहुणा चाकणच्या एका कारखान्यात खरेदी खात्यात आहे. कारखाना गाड्यांचा असल्यामुळे गाडी या विषयावर घरात त्याचा शब्द शेवटचा. तो एकदा शेजारी बसला आणि पहिल्याच सिग्नलला म्हणाला, "दाजी, हा आवाज बिघाडाचा नाही. हा मुद्दाम ठेवलेला असतो."

पॅडला म्हणे एक छोटी पोलादी पट्टी लावलेली असते. नवा पॅड दहा-बारा मिलिमीटर जाड असतो. तो झिजत झिजत दोन-तीन मिलिमीटरवर आला की ती पट्टी डिस्कला टेकते आणि बोंबलायला लागते. म्हणजे कारखान्यानेच चाकात एक चुगलखोर बसवून दिलेला, आणि तो चार महिने माझ्या नावाने शंख करत होता. "आता कींऽऽ आहे तोवर ठीक," मेहुणा म्हणाला. "घर्रर्र झालं की मला सांगू नका, थेट गॅरेज गाठा."

घर्रर्र पसरणी घाटात झालं. पाचगणीहून वाईला उतरताना तिसऱ्या-चौथ्या वळणावर खमंग वास आला. बायको म्हणाली, "कुठेतरी कणसं भाजतायत, थांबवा." मी थांबवली. कणसं कुठेच नव्हती. भाजत होतो ते आम्ही. ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, हे जुने ड्रायव्हर सांगून सांगून थकले. पण मी पेट्रोल वाचवायचं म्हणून टॉपमध्ये टाकून सगळा भार ब्रेकवर सोडला होता.

हा भार किती असतो याचा मी नंतर कागदावर हिशोब मांडला. एक टनाची गाडी ताशी ८० किलोमीटरवरून एकदा उभी करायची, तर जेवढी उष्णता निघते तेवढ्यात पाच-साडेपाच कप चहाचं आधण येईल. आणि ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढे झुकतं, त्यामुळे त्यातले चारेक कप पुढच्या दोन चाकांनीच करायचे. पसरणीच्या घाटात मी अख्ख्या वऱ्हाडाचा चहा केला असणार.

दुसऱ्या दिवशी सर्व्हिस सेंटर. तिथे एसी होता, सोफा होता, कॉफी फुकट होती. टाय लावलेला एक मुलगा टॅबलेट घेऊन आला आणि हळू आवाजात, डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेतात तसं बाजूला घेऊन, म्हणाला, "सर, पॅड तर गेलेच, पण डिस्कपण गेल्या." पॅड संपल्यावर त्याच्या पाठचा लोखंडी पत्राच डिस्कवर घासत होता आणि त्याने तिच्यावर ग्रामोफोनच्या तबकडीसारखे चरे पाडले होते. दोन डिस्क, चार पॅड, ब्रेक ऑइल, मजुरी, कर: १३,७४० रुपये. कॉफी फुकट नव्हती हे तेव्हा कळलं.

मेहुण्याला फोन केला. तो हसला. "दाजी, कंपनी काय ब्रेक पॅड बनवते होय? आम्ही विकत घेतो. बनवणारा वेगळाच असतो. तो आम्हाला देतो ते आमच्या खोक्यात जातं, आणि बाजारात तो स्वतःच्या खोक्यात विकतो. नाना पेठेत जा."

नाना पेठ नाना फडणवीसांच्या नावाची. साडेतीन शहाण्यांमधले ते अर्धे, कारण तलवारीचं अंग नव्हतं. आज त्यांच्या पेठेत माणूस शिरतो तो अर्धा शहाणा म्हणूनच, आणि त्यातलं अर्धंही तिथेच ठेवून बाहेर पडतो. गल्लीच्या दोन्ही बाजूंना मोटारींचं शरीरशास्त्र मांडलेलं. इकडे सायलेन्सर टांगलेत, तिकडे आरशांची दुकानं, कुठे नुसत्या केबली. पायरीवर बसलेला पोऱ्या तुमचं तोंड बघून सांगतो, "क्लचप्लेट पुढच्या बोळात."

दुकानदाराने चष्म्यावरून पाहिलं आणि परीक्षा सुरू केली.

"मॉडेल? साल? पेट्रोल की डिझेल? पॅड सेरॅमिक देऊ का मेटॅलिक?"

सेरॅमिक म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे आईची लोणच्याची बरणी आली. चिनी मातीने गाडी थांबवणार? त्याने शांतपणे समजावलं. सेरॅमिक आवाज कमी करतो, चाकावर काळी भुकटी कमी पाडतो, पण महाग. मेटॅलिकमध्ये लोखंडाचा चुरा असतो, तापलं तरी पकड सोडत नाही, पण थोडा कुरकुरतो आणि डिस्कही जरा जास्त खातो. "तुम्ही घाटात जाता का?" त्याने विचारलं. मी पसरणीचं नाव काढलं नाही. "गावातच," म्हणालो.

"मग कंपनीत लागतो तोच घ्या. ऑरगॅनिक." भाजीच्या बाहेर हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

"ओरिजिनल आहे ना?"

या प्रश्नावर नाना पेठ चालते. त्याने तीन खोकी काऊंटरवर ठेवली. "हे कंपनीचं. हे कंपनीचं नाही, पण कंपनीचंच आहे. आणि हे दुसऱ्या चांगल्या मेकचं." मधल्या खोक्याची किंमत पहिल्याच्या निम्मी होती आणि आतला पॅड डोळे मिटून हात फिरवला तर तोच. मग त्याने काऊंटरखालून चौथं खोकं काढून दाखवलं, विकायला नव्हे, ओळखायला. छपाई किंचित पुसट, नावातलं एक अक्षर गायब, आणि किंमत चहा-भजीच्या हिशोबातली. "भीती याची ठेवायची," तो म्हणाला. "लोक लोकल-लोकल म्हणून मधल्या खोक्याला घाबरतात आणि स्वस्त म्हणून हे उचलतात."

युरोपात याच्यावर 'आर ९०' नावाचा नियमच आहे: बदली पॅडची पकड मूळ पॅडच्या तुलनेत १५ टक्क्यांपेक्षा जास्त इकडेतिकडे होता कामा नये. हा नियम दुसऱ्या नात्यांना लावता आला असता, तर पुष्कळ सासूबाईंची सोय झाली असती.

मी एकच डिस्क मागितली. चरे डावीकडे जास्त होते. उजवी अजून वर्षभर निघाली असती. दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. "साहेब, चप्पल एका पायाची घेता का?" नवी-जुनी जोडी लावली तर दोन बाजूंची पकड सारखी राहत नाही आणि गाडी एकीकडे ओढते. मुकाट्याने जोडी घेतली. जुन्या डिस्क लेथवर मारून घ्यायचं मनात होतं, पण डिस्कच्या कडेलाच 'मिनिमम' म्हणून किमान जाडी कोरलेली असते आणि माझ्या डिस्क तिच्याखाली गेलेल्या. डिस्क २,९००, पॅड १,४५०, ब्रेक ऑइल २५०.

चप्पल हा शब्द मात्र डोक्यात राहिला. लहानपणी आमच्या सायकलला ब्रेक हा प्रकार नसायचाच. उतारावर पाय मागे नेऊन चपलेचा तळ टायरवर दाबायचा. दर दोन महिन्यांनी उजवी चप्पल झिजायची आणि आई दोन्ही कान पिरगाळायची. पुढे वाचलं की १८९७ साली इंग्लंडात हर्बर्ट फ्रूड नावाच्या माणसाने डर्बीशरच्या डोंगराळ भागात गाडीवानांना पाहिलं. ते लाकडी ब्रेकवर जुन्या बुटांचं चामडं चढवत होते. त्याने त्यावरून ब्रेकचं अस्तर बनवायचा कारखाना काढला, आणि तो 'फेरोडो' या नावाने मोठा झाला. आमच्या आळीत तीसेक पोरं रोज तेच करत होती. पेटंट घ्यायचं कुणाला सुचलं नाही. फ्रेडरिक लँचेस्टरने १९०२ साली डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं तेव्हा त्याचे पॅड तांब्याचे होते आणि ते भयंकर किंचाळायचे. म्हणजे माझी गाडी बिघडली नव्हती, परंपरा चालवत होती.

गॅरेजवाले मामा आमच्या घरामागच्या रस्त्यावर बसतात. स्वतःचं सामान घेऊन येणारं गिऱ्हाईक त्यांना आवडत नाही. हॉटेलात डबा उघडणाऱ्याकडे मालक बघतो तसे ते बघतात. चाक काढलं, कॅलिपर सोडला, जुना पॅड माझ्या तळहातावर ठेवला. मारी बिस्किटाचा तुकडा चहात बुडवून विसरल्यावर उरतो तेवढा. "डिस्क खाल्लीये पार," मामा म्हणाले. जणू मीच बसून खाल्ली होती. ब्रेक ऑइल, जे खरं तेल नसतंच, ते टपरीवर सकाळपासून उकळत ठेवलेल्या चहाच्या रंगाचं झालं होतं. ते हवेतला ओलावा पितं आणि मग लवकर उकळतं. घाटात त्यानेही मला सोडून जायची तयारी केली होती म्हणायची.

नव्या डिस्कला गंज चढू नये म्हणून तेलाचा हात दिलेला असतो. मामांनी तो पेट्रोलने पुसून पुसून काढला. मी म्हटलं, "राहू द्या की थोडं, आवाज येणार नाही." त्यांनी उत्तर दिलं नाही. पोऱ्या मात्र हसला.

नव्या जाड पॅडला जागा करायला कॅलिपरचा पिस्टन मागे दाबावा लागतो. मामा मला त्याबद्दल काहीतरी महत्त्वाचं सांगत होते, पण मी तेव्हा आठशेची मजुरी सातशेवर आणण्यात गुंतलो होतो. आठशे देऊन गाडीत बसलो, रिव्हर्स टाकला, गाडी उताराला लागली, ब्रेकवर पाय ठेवला, आणि पाय विहिरीत गेला. पेडल सरळ जमिनीला टेकलं. हँडब्रेक ओढला तेव्हा मागचा बंपर रसवंतीच्या चरकापासून हातभर अंतरावर होता. चरकाची घुंगरं थांबली. आतल्या बाईंनी विचारलं, "आलं-लिंबू घालू?"

मामांनी मानसुद्धा वर केली नाही. "पंप मारा म्हणलं होतं की नाही? दहा वेळा!"

मागे गेलेला पिस्टन पुढे येऊन पॅडला भिडेपर्यंत पेडल पोकळच जातं. दहा वेळा मारलं. अकराव्यांदा पाय दगडावर पडल्यासारखा पडला. रस मी प्यायलो. दोन ग्लास.

यानंतर पॅड आणि डिस्क यांची सोयरीक जुळवायची असते. ताशी पन्नासवरून दहापर्यंत वेग आणायचा, पूर्ण थांबायचं नाही, पुन्हा पन्नास, असं आठ-दहा वेळा. त्याने पॅडच्या मालाचा पातळ थर डिस्कवर सारखा बसतो. मी पहाटे साडेपाचला एनडीए रस्ता गाठला. सासरे पाहुणे आले होते, त्यांना फिरायला जायचं होतं, म्हणून तेही बसले.

पहिल्या ब्रेकला अण्णांनी डॅशबोर्डला नमस्कार केला. दुसऱ्याला म्हणाले, "कुत्रं आलं का आडवं?" तिसऱ्याला म्हणाले, "ओरिजिनल आहेत ना?" एक सायकलवाला आम्हाला मागे टाकायचा, आम्ही त्याला, पुन्हा तो आम्हाला. सहाव्या खेपेला दुधाच्या टेम्पोवाल्याने शेजारी येऊन काच खाली केली. "काका, शिकताय का? रिकामं मैदान बघा." अण्णा तेव्हापासून घरात कुणालाही सांगतात, की जावई बँकेत आहे ते बरं आहे.

दोन दिवसांनी गाडी धुतली. सकाळी पाहतो तो नव्याकोऱ्या डिस्कवर तांबूस गंज. नाना पेठेला फोन लावला. "डुप्लिकेट दिलंत!"

"लोखंड आहे साहेब, चांदी नाही," तिकडून आवाज आला. "एकदा ब्रेक मारा, जाईल."

गेला. ब्रेकही आता लागतात, नव्हे नम्रपणे लागतात. मेहुणा मात्र भेटला की म्हणतो, "दाजी, कंपनीचं खोकं घ्यायचं होतं, रीसेलला बरं पडतं." ज्याने नाना पेठेत पाठवलं त्याच तोंडाने.

परवा रात्री घरी आलो तर गेट बंद. हॉर्न वाजवला. पुन्हा वाजवला. वॉचमन खुर्चीवरून दचकून उठला, बॅटरी मारून नंबर वाचला आणि म्हणाला, "तुम्हीच होय? मला वाटलं, गाडी विकली."

यंदा दिवाळीला त्याला किती द्यायचे, ते अजून ठरवलेलं नाही.