आडनाव घरचं, भांडण मोटारवाल्यांशी

"वहिनी, कढीपत्ता नंतर तोडा, जरा इकडे या. भाऊजींच्या मुलाला नोटीस आली म्हणे?"

"तुम्हाला कुणी सांगितलं, काकू?"

"पोस्टमन आला तेव्हा मी फाटकातच होते. वकिलाचं पाकीट लांबून कळतं हो."

"आली खरी. लोणच्यांची वेबसाइट काढलीय ना त्यानं, आडनावाचीच, डॉट कॉम. त्याच नावाची एक मोठी पंपवाली कंपनी म्हणते, डोमेन सोडा. भाऊजी म्हणतात, देऊन टाकू, ब्याद नको."

"उगीच काय देऊन टाकू! आमची धाकटी अमेरिकेत रॅलेला असते ना, तिथल्याच उझी निस्सानचं ऐका."

"निस्सान म्हणजे गाडीवाले?"

"नाव तेच, माणूस वेगळा. इस्राएलहून आलेला, आडनावच निस्सान. 1980 मध्ये गाड्या दुरुस्त करायचा, तेव्हाही पाटीवर आडनावच. आणि त्या जपान्यांच्या गाड्या तेव्हा अमेरिकेत विकल्या जायच्या डॅटसन नावानं! पुढे यानं कॉम्प्युटरचा धंदा काढला, 1994 मध्ये निस्सान डॉट कॉम घेतलं. कंपनीनं 1999 मध्ये दावा ठोकला, एक कोटी डॉलरचा."

"अगंबाई! मग गेलं नाव?"

"छे! 2020 मध्ये कोरोनानं गेला बिचारा, तोवर नाव त्याच्याचकडे. पण वर्षानुवर्षं कोर्ट, पैसा पाण्यासारखा गेला. नडलं कुठे माहितीय? साइटवर गाड्यांच्या जाहिराती घेतल्या. कोर्ट म्हणालं, कॉम्प्युटर विका, गाड्यांच्या जाहिराती बंद. कंपनीविरुद्ध लिहायलाही मनाई केली होती, ती मात्र वरच्या कोर्टानं 2004 मध्ये उठवली. म्हणून म्हणते, पोराला सांगा, लोणच्याच्या साइटवर पंपाची एक जाहिरात दिसता कामा नये."

"तो कशाला लावेल? पण मुंबईत म्हणे कुणाचं तरी नाव काढून घेतलं होतं."

"ते रेडिफचं. 1999 मध्येच. एकानं रॅडिफ डॉट कॉम घेतलं, हायकोर्टानं अडवलं. त्याचं आडनाव थोडंच रॅडिफ होतं! सरळ सरळ नक्कल ती. तुमच्या पोराचं तसं नाही. डॉट कॉमची तक्रार जिनिव्हाच्या वायपोकडे, म्हणजे असे नावांचे तंटे सोडवणाऱ्या संस्थेकडे गेली, तर कंपनीला तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. नाव आमच्या ट्रेडमार्कसारखं आहे, घेणाऱ्याचा त्यावर हक्क नाही, आणि घेतलं नि वापरलं ते खोट्या हेतूनं. तिन्ही हं, एक सुटली तरी तक्रार फेटाळतात. उत्तराला वीस दिवस असतात, तेवढे मात्र झोपून काढायचे नाहीत. आडनावाचे कागद, लोणच्याची जुनी बिलं, सगळं काढून ठेवा म्हणावं."

"बिलं भाऊजींकडे पोत्यानं आहेत."

"मग झालं. आणि किंमत तोंडातून काढायची नाही! कॅनडाचा तो शाळकरी पोरगा, माइक रो. नावापुढे सॉफ्ट लावून साइट काढली. मायक्रोसॉफ्टनं दहा डॉलर देऊ केले, यानं मागितले दहा हजार. झालं, वकील म्हणाले, बघा, पैसे उकळायलाच घेतलंय. शेवटी एक एक्सबॉक्स नि बारीकसारीक घेऊन नाव सोडलं त्यानं."

"काकू..."

"काय झालं?"

"पोरानं काल कंपनीला विचारलंय, किती देता म्हणून."

"फोनवर?"

"नाही हो. ईमेलनं."