पुराव्याची पेटी

करजगीच्या बसथांब्याजवळच्या चहाच्या टपरीवर रोज सकाळी साडेसातला एक धोतर, एक पांढरी टोपी आणि लाल कापडी बांधणीची एक चोपडी येऊन बसते. या तिघांना मिळून गाव सेन्सॉरअण्णा म्हणतं. खरं नाव रेशनकार्डावर आहे, ते तिथंच राहू द्या.

अण्णांचा जन्म तुरीच्या अडतीत मुनीमकी करण्यात गेला. अडत सुटली, पण कीर्द-खतावणीची सवय सुटली नाही. आता ते गावातल्या अश्लीलतेचा हिशेब ठेवतात. तारीख, ठिकाण, कुणी केलं, कुणी पाहिलं, आणि शेवटचा रकाना ‘परिणाम’. त्यात ‘तरणी पोरं बिघडण्याचा संभव’, ‘बायकामाणसांस लाज’, एकदा तर ‘बैल बुजले’ अशीही नोंद आहे. अण्णांवर स्वतःवर काही परिणाम झाल्याची नोंद मात्र मला अजून सापडलेली नाही.

हा रकाना अण्णांनी काढला असं कुणाला वाटेल, पण तो विलायतेतून आलाय. १८६८ साली तिथल्या एका न्यायाधीशानं ठरवलं की, ज्यांची मनं अशा गोष्टींनी नासू शकतात त्यांच्या हाती पडल्यावर जे त्यांना नासवील, ते अश्लील. न्यायाधीशाचं मन अर्थातच त्यांच्यात धरलेलं नव्हतं. मुंबईच्या एका पुस्तकविक्रेत्याच्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयानं १९६४ साली हीच फूटपट्टी उचलली. पुस्तक होतं ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’. अण्णांनी यातलं काही वाचलेलं नाही. वाचायची गरजही नाही, त्यांना ते उपजत येतं.

अण्णांच्या माजघरात पत्र्याची एक पेटी आहे. तिची किल्ली करगोट्याला असते. घरच्या अव्वा तिला ‘पुराव्याची पेटी’ म्हणतात, आणि म्हणताना तोंडावर पदर धरतात. तिच्यात ‘रंभा’ मासिकाचा १९६२ चा दिवाळी अंक आहे. चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ त्यातलीच. त्या कथेवर खटला झाला. खालच्या कोर्टानं सोडलं, हायकोर्टानं दोषी धरलं, आणि १९६९ साली सर्वोच्च न्यायालयानं काकोडकरांना निर्दोष सोडलं. अण्णांनी तो अंक सोलापुरात रद्दीच्या दुकानातून आणला, ‘उद्या गरज पडली तर असावा’ म्हणून.

एका पावसाळ्यात पेटीत उंदीर शिरले आणि त्यांनी नेमकी श्यामाची मधली पानं खाल्ली. अण्णा दोन दिवस भाकरीला शिवले नाहीत. तिसऱ्या दिवशी अक्कलकोटवरून सोलापूर गाठलं आणि रद्दीवाल्यांची दुकानं पालथी घातली.

“अण्णा, त्या केसचा निकाल लागून पन्नास वर्षं झाली की,” मी म्हटलं.

“म्हणून काय झालं? पुरावा अर्धा असून चालत न्हाई बाबा.”

मी त्यांना कोर्टानं काय म्हटलं ते सांगितलं. प्रेमाचा नि देहाचा नुसता उल्लेख आला म्हणून कादंबरी पोरांना वर्ज्य केली, तर पोरांना धार्मिक पोथ्यांपलीकडं काही वाचताच येणार नाही, असा त्या निकालाचा सूर होता. अण्णांनी चहाची बशी खाली ठेवली. “मग वाचू द्या की पोथ्या. काय बिघडतंय?” नंतर थोडं थांबून, हळूच, “पोथ्यांत पण हाय म्हणा काय काय. मी खुणा करून ठेवल्यात.”

एकदाच मी अण्णांना निरुत्तर केलं. १४ एप्रिलला बाबासाहेबांच्या तसबिरीला हार घालायला ते सगळ्यांच्या आधी हजर असतात. मी म्हटलं, र. धों. कर्व्यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ नावाचं मासिक काढलं, संततिनियमन आणि लैंगिक शिक्षण यांवर. त्याच्यावर अश्लीलतेचे खटले झाले, आणि १९३४ च्या खटल्यात कर्व्यांच्या बाजूनं बाबासाहेब उभे राहिले. केस हरली, कर्व्यांना २०० रुपये दंड झाला, पण मासिक कर्वे १९५३ ला जाईपर्यंत चालू राहिलं. अण्णा पार गप्प. टोपी काढून घाम पुसला. मग डोळे एकदम चमकले. “वकील होते की साहेब! वकिलाकडं आलेली केस घ्यावी लागती.” चोपडी उघडून त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ असं लिहून घेतलं आणि विचारलं, “सोलापुरात मिळंल का रे कुठं?”

अण्णांचा खरा सुगीचा काळ म्हणजे गावची जत्रा. गदग-बागलकोटकडच्या नाटक कंपन्या येतात. त्यांचे द्व्यर्थी संवाद ऐकायलाच निम्मा गाव जातो आणि उरलेला निम्मा, कोण कोण गेलं ते बघायला. अण्णा पहिल्या रांगेत. कंपनीचा मॅनेजर आता त्यांची खुर्ची राखूनच ठेवतो. नट एखादं वाक्य टाकतो, मंडपात हशा फुटतो, आणि अण्णा चोपडी वर करून ओरडतात, “इन्नोम्मे हेळ्री! पुन्हा एकदा म्हणा, लिहून घ्यायचं राहिलं!” नट भल्या मनाचा, तो पुन्हा म्हणतो, पहिल्यापेक्षा जास्त रंगवून. आणि जितके दिवस मुक्काम तितके दिवस अण्णा हजर, कारण ‘एखाद दिवशी सुधारले असतील, अन्याय होऊ नये’.

त्यातली एक नोंद तर मी कधी विसरणार नाही: ‘नायिकेने तोंडाने अपशब्द उच्चारला, वेळा अकरा.’ तो अपशब्द होता ‘गंड’. कन्नडात गंड म्हणजे नवरा. नायिका बिचारी अकरा वेळा आपल्या नवऱ्याबद्दल बोलली होती. अण्णांच्या घरात तर कन्नड आणि मराठी एकाच ताटात जेवतात. त्यांना हे कळत नव्हतं का?

“मला कळतंय की रे,” अण्णा म्हणाले, “पण सोलापूरचे पाहुणे आलेत जत्रंला. त्यांच्या कानाला कसं लागंल?”

दादा कोंडक्यांच्या बाबतीतही त्यांनी असंच परोपकारी धोरण ठेवलं होतं. १९७५ साली ‘पांडू हवालदार’ त्यांनी सोलापूरला जाऊन चारदा पाहिला. पहिल्यांदा स्वतः, बाकी तीनदा ‘दुसऱ्यांच्या नजरेनं’.

अलीकडं नातवानं त्यांना मोबाईल घेऊन दिला आणि घात झाला. अण्णा रील्स बघतात, एखादी कंबर हलताना दिसली की थांबतात, शेवटपर्यंत बघतात, पुन्हा बघतात, मग तक्रारीचं बटण दाबतात. मोबाईल मुकाट तक्रार घेतो आणि खाली तसल्याच आणखी दहा दाखवतो. गेल्या वर्षभरात अण्णांची खात्री पटलीय की जग बुडालं. “बघ, बघ, काय चाललंय देशात! एक मिनिट खंड न्हाई!” असं म्हणून ते पडदा माझ्यासमोर धरतात. नातवाच्या फोनात मात्र ट्रॅक्टर, तुरीचा भाव आणि क्रिकेट. अण्णांनी त्याचा फोन उलटापालटा करून पाहिला आणि त्याच्या पाठीत धपाटा घातला: “तुझ्यात का येत न्हाई बे? कुठं लपवलास?”

दोन वर्षांमागं हुमनाबादला एका लग्नाला गेलो होतो, तेव्हा अण्णांना जलसंगवीच्या महादेवाला नेलं. चालुक्यांच्या काळचं देऊळ. बाहेरच्या भिंतींवर शिलाबालिका: कुणी आरशात बघतेय, एक तर विक्रमादित्य राजाची स्तुती पाटीवर लिहितेय. आणि अंगावर दागिन्यांखेरीज फारसं काही नाही. मला वाटलं, आज चोपडी संपणार. अण्णांनी चपला काढल्या आणि बाहेरून प्रदक्षिणा घातली. सावकाश. मग दुसरी. तिसऱ्या वेळी मी सावलीत बसून घेतलं.

मी म्हटलं, “अण्णा, काळजी नको. जुन्या दंड संहितेच्या २९२ कलमातच सूट होती. जुन्या देवळावरची शिल्पं, देवाच्या रथावरची चित्रं, यांना अश्लीलतेचा कायदा लागत नाही. आता नव्या संहितेत ते २९४ झालंय, पण सूट तीच.”

अण्णांनी मान डोलावली. त्यांना सुटीची गरज नव्हती, त्यांचा हिशेब आधीच लागला होता.

“बाहेरच्या भिंतीला हाय, हे बरं केलंय,” ते गाभाऱ्याकडं हात जोडत म्हणाले. “देव आत बसलाय. त्याला दिसत न्हाई.”

हा मजकूर लिहून झाल्यावर मी त्यांनाच दाखवला. तपासल्याशिवाय गावातलं काही बाहेर जाऊ नये, ही त्यांची अपेक्षा गैर नाही. अण्णांनी चष्मा पुसला, टपरीच्या बाकावर पाय वर घेऊन बसले आणि बोट फिरवत सगळं वाचलं. ‘कंबर’ या शब्दाखाली लाल रेघ मारली. ‘श्यामा’शी बोट थांबलं.

“पुढं काय होतं तिचं, ते लिहिलं न्हाईस?”

“नाही अण्णा.”

“मग अर्धवटच हाय हे.” कागद घडी घालून त्यांनी माझ्या हातात ठेवले. “छापू नको. पोरं वाचतील.” मी उठलो तसा मागून आवाज आला, “आणि छापलासच, तर एक अंक मला आण. पेटीत जागा केलीय.”